व्हीटस्टन ब्रिजवर अनोळखी रेझिस्टन्स मोजताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्रिज म्हणजे नक्की काय जोडलेलं असतं?

चार रेझिस्टन्स घ्यायचे आणि चौकोनासारखे एकाला एक जोडायचे. चौकोनाला चार कोपरे असतात, त्यातल्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांना सेल लावायचा आणि उरलेल्या दोन कोपऱ्यांमध्ये गॅल्व्हानोमीटर, म्हणजे अगदी थोडा करंटही काट्याने दाखवणारा मीटर. झालं, एवढंच. चारपैकी तीन रेझिस्टन्स आपल्याला माहीत असतात आणि चौथा शोधायचा असतो. माहीत असलेल्यांपैकी एक कमीजास्त करत जायचं, एक क्षण असा येतो की गॅल्व्हानोमीटरचा काटा शून्यावरून हलतच नाही, त्याला म्हणायचं ब्रिज बॅलन्स झाला.

पुस्तकात तो हिऱ्याच्या आकारात काढलेला असतो म्हणून खूप जणांना वाटतं की आकाराला काही महत्त्व आहे. तसं काही नाहीये. कोणतं टोक कोणाला जोडलंय एवढंच महत्त्वाचं.

काटा शून्यावर आला म्हणजे रेझिस्टन्स कळला, हे कसं काय?

सेलमधून निघालेला करंट दोन वाटांनी जातो. वरच्या वाटेवर पी आणि त्याच्या पुढे क्यू, खालच्या वाटेवर आर आणि त्याच्या पुढे एक्स, म्हणजे आपला अनोळखी रेझिस्टन्स. गॅल्व्हानोमीटर दोन्ही वाटांच्या मधल्या ठिकाणांना जोडलाय. त्याच्यातून करंट जात नाही याचा अर्थ ती दोन्ही ठिकाणं सारख्याच व्होल्टेजवर आहेत, दोन शेजारच्या टाक्यांत पाण्याची पातळी एकच असली की मधल्या नळीतून पाणी इकडून तिकडे जात नाही तसंच.

पातळी सारखी, म्हणजे पी वर जेवढं व्होल्टेज पडलं तेवढंच आर वर पडलं आणि क्यू वर जेवढं पडलं तेवढंच एक्स वर. गॅल्व्हानोमीटरमध्ये काहीच जात नसल्यामुळे पी आणि क्यू मधून एकच करंट जातो, आर आणि एक्स मधूनही एकच. एका समीकरणाला दुसऱ्याने भागलं की करंट उडून जातात आणि उरतं पी / क्यू = आर / एक्स. त्यावरून एक्स = आर × क्यू / पी.

या उत्तरात काय नाहीये ते बघा. सेलचं व्होल्टेज नाही, सेलचा आतला रेझिस्टन्स नाही, गॅल्व्हानोमीटरचा रेझिस्टन्स नाही, काटा किती घरं फिरला तेही नाही. हे सगळं उत्तरातून बाहेर पडलंय आणि मला या सर्किटबद्दल सगळ्यात जास्त प्रेम आहे ते याच गोष्टीसाठी.

पण मल्टिमीटर आहे की, मग एवढा उपद्व्याप कशाला?

मल्टिमीटरने काम भागत असेल तर खुशाल वापरा. अडचण कुठे येते ते सांगतो. मीटरच्या दोन वायरी एकमेकींना टेकवून बघा, शून्य दिसायला हवं पण बऱ्याचदा ०.२ किंवा ०.३ ओहम दिसतं. तुमचा रेझिस्टन्स ४७०० ओहम असेल तर त्या ०.३ कडे कोणी बघणार नाही, पण तो २ ओहमचा असेल तर थेट १५ टक्क्यांची चूक झाली.

दुसरं म्हणजे मीटर जे सांगतो त्यावर आपण विश्वास ठेवतो, त्याचं कॅलिब्रेशन बिघडलं असेल तर आपल्याला कळतही नाही. ब्रिजमध्ये काट्याकडून आपण फक्त एकच गोष्ट विचारतो, आहेस की नाहीस. शून्य ओळखायला काट्याचं कॅलिब्रेशन लागत नाही, तो फक्त संवेदनशील पाहिजे. मोजणी खरी होते ती ओळखीच्या रेझिस्टन्सशी तुलना करून, म्हणजे वजनकाट्यापेक्षा तराजूसारखं. तुमचे माप-रेझिस्टन्स जेवढे खरे तेवढं तुमचं उत्तर खरं.

व्होल्टमीटर-ॲमीटर पद्धतीतही हीच भानगड आहे, व्होल्टमीटर स्वतः थोडा करंट खातो, ॲमीटर थोडं व्होल्टेज खातो, आणि दोन्ही मीटरच्या चुका उत्तरात येऊन बसतात.

हा व्हीटस्टननेच शोधला ना?

नाही. सॅम्युअल हंटर ख्रिस्टी यांनी १८३३ मध्ये ही रचना मांडली होती. चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८४३ मध्ये ती लोकांसमोर नीट आणली, तिचा उपयोग दाखवला आणि श्रेय ख्रिस्टींचं आहे हे स्वतः सांगितलं. तरी नाव चिकटलं ते व्हीटस्टनचं. दोघांची नावं लक्षात ठेवावीत असं मला मनापासून वाटतं.

मीटर ब्रिज आणि व्हीटस्टन ब्रिज वेगळे आहेत का?

एकच आहेत. मीटर ब्रिजमध्ये पी आणि क्यू च्या जागी एक मीटर लांबीची सगळीकडे सारख्या जाडीची तार असते, मँगॅनिन किंवा कॉन्स्टंटन या मिश्रधातूची. जॉकी, म्हणजे गॅल्व्हानोमीटरला जोडलेलं हातात धरायचं टोक, तारेवर जिथे टेकवाल तिथे तारेचे दोन भाग होतात, डावा भाग पी आणि उजवा भाग क्यू. तार सारखी असल्यामुळे रेझिस्टन्सचं गुणोत्तर म्हणजे लांबीचंच गुणोत्तर, म्हणून रेझिस्टन्सऐवजी सेंटीमीटर मोजले तरी चालतं.

रेझिस्टन्स लावायला दोन मोकळ्या जागा असतात, त्यांना गॅप म्हणतात. समजा डाव्या गॅपमध्ये अनोळखी एक्स, उजव्या गॅपमध्ये रेझिस्टन्स बॉक्समधून (प्लग काढून हवा तेवढा रेझिस्टन्स घेता येणारी पेटी) काढलेले ५ ओहम, आणि बॅलन्स डावीकडून ४० सेंटीमीटरवर आला. इथे एक्स पी च्या बाजूला आहे, म्हणून एक्स = ५ × ४० / ६०, म्हणजे ३.३३ ओहम.

बॅलन्स मधोमधच आला पाहिजे असं का सांगतात?

मधोमधच असं नाही, पण ४० ते ६० च्या दरम्यान आणा. कारण साधं आहे. डोळ्याने आणि हाताने आपण जास्तीत जास्त एक मिलिमीटरपर्यंत अचूक वाचतो. तोच एक मिलिमीटर तारेच्या मध्यावर चुकला तर उत्तर ०.४ टक्क्याने चुकतं, १० सेंटीमीटरवर चुकला तर १.१ टक्क्याने आणि ५ सेंटीमीटरवर चुकला तर २ टक्क्यांहून जास्त. हात तोच, चूक तीच, फक्त जागा बदलली.

म्हणून पहिला बॅलन्स १२ सेंटीमीटरवर आला तर तो लिहून मोकळं होऊ नका. त्यावरून एक्सचा अंदाज काढा, बॉक्समध्ये साधारण तेवढाच रेझिस्टन्स लावा आणि परत बघा. शिवाय चारही भुजा, म्हणजे ब्रिजमधले चार रेझिस्टन्स, एकमेकींच्या आसपासच्या असल्या की ब्रिजची संवेदनशीलताही चांगली राहते, काटा छोट्याशा फरकालाही दाद देतो.

काटा कुठेही जॉकी टेकवली तरी एकाच बाजूला जातो. काय चुकलं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो आणि नव्वद टक्के वेळा कुठलातरी स्क्रू ढिला असतो. एका बाजूलाच काटा जातोय म्हणजे चारपैकी एखादी भुजा तुटलेली आहे, एकतर एक्सची वायर नीट बसली नाहीये, किंवा बॉक्सकडे जाणारी वायर निसटली आहे, किंवा बॉक्सवरचा एखादा प्लग नुसता ठेवलाय, पिळून घट्ट बसवलेला नाही. आणखी एक शक्यता म्हणजे बॉक्समधला रेझिस्टन्स एक्सपेक्षा इतका लांबचा आहे की बॅलन्स तारेच्या अगदी टोकाला गेलाय.

काटा अजिबातच हलत नसेल तर दोष दुसरीकडे शोधा. तेव्हा सेलची वाट तुटलेली असते किंवा गॅल्व्हानोमीटरची.

मांडणी झाल्याबरोबर जॉकी एकदा डाव्या टोकाला आणि एकदा उजव्या टोकाला अलगद टेकवून बघायची सवय लावा. काटा दोन वेगवेगळ्या बाजूंना गेला तर जोडणी बरोबर आहे आणि बॅलन्स मधे कुठेतरी आहे. हे दहा सेकंदांचं काम अर्धा तास वाचवतं. मी एकदा संध्याकाळपर्यंत एका मांडणीशी झटत बसलो होतो, रीडिंग दर वेळी दोन सेंटीमीटरने वेगळं येत होतं, सेल बदलला, गॅल्व्हानोमीटर बदलला, आणि शेवटी एक वायर काढून बघितली तर टोकावरचं इनॅमल नीट खरवडलेलंच नव्हतं, तांब्याचा फक्त एक केसाएवढा पट्टा चमकत होता आणि तेवढ्यावर सगळं सर्किट लोंबकळत होतं. पॉलिश पेपरने टोक लख्ख केलं, स्क्रू आवळला, आणि पुढची तीन रीडिंग एकाच मिलिमीटरवर आली.

जॉकी तारेवर घासत नेली तर काय होतं?

तार झिजते. झिजलेल्या ठिकाणी ती बारीक होते, म्हणजे तिथला सेंटीमीटर इतर सेंटीमीटरसारखा राहत नाही, आणि आपलं अख्खं गणित तार सगळीकडे सारखी आहे या एका गोष्टीवर उभं आहे. उचला, पुढे न्या, टेकवा. दाबायचंही नाही, नुसतं टेकवायचं. जुन्या मीटर ब्रिजच्या तारेवरून बोट फिरवलं तर मधल्या भागात बारीक खाचा लागतात, त्या सगळ्या घासत नेलेल्या जॉकीच्या आहेत.

एंड करेक्शन म्हणजे काय आणि गॅप अदलाबदल का करायची?

तार दोन्ही टोकांना धातूच्या पट्टीवर डाख देऊन बसवलेली असते. त्या सांध्याला आणि पट्टीला स्वतःचा थोडा रेझिस्टन्स असतो आणि मोजपट्टीवरचा शून्य बरोबर तारेच्या सुरुवातीवरच असेल असंही नाही. म्हणजे तार वागते १०० पेक्षा थोडी जास्त लांब असल्यासारखी, पण किती ते दोन्ही टोकांना वेगळं. ही जास्तीची लांबी हिशोबात धरणं म्हणजे एंड करेक्शन.

सोपा उपाय म्हणजे एक्स आणि बॉक्स यांची जागा बदलायची, परत बॅलन्स काढायचा आणि दोन्ही उत्तरांची सरासरी घ्यायची. समजा बॉक्समध्ये ५ ओहम आहेत, एक्स डावीकडे असताना बॅलन्स ४०.६ वर आला, तर एक्स ३.४२ ओहम. जागा बदलल्यावर बॅलन्स ५९.८ वर आला, तर एक्स ३.३६ ओहम. सरासरी ३.३९. नुसतं पहिलं रीडिंग घेऊन थांबला असता तर जवळपास एक टक्क्याची चूक घेऊन घरी गेला असता. सरासरीने चूक पूर्ण जात नाही पण मोठा भाग जातो, आणि बॅलन्स मधोमध असेल तर जवळजवळ सगळाच जातो.

आधी कोणती की दाबायची?

की म्हणजे दाबायचा स्विच. आधी बॅटरीची, मग गॅल्व्हानोमीटरची. सोडताना उलट, आधी गॅल्व्हानोमीटरची आणि मग बॅटरीची. एक्स जर कॉइल असेल तर तिला इंडक्टन्स असतो, करंट चालू होताना आणि बंद होताना ती क्षणभर स्वतःचं व्होल्टेज तयार करते. त्या क्षणी गॅल्व्हानोमीटर जोडलेला असेल तर ब्रिज बॅलन्स असूनही काट्याला झटका बसतो आणि तुम्हाला वाटतं बॅलन्स नाहीये.

सुरुवातीला, बॅलन्स कुठे आहे हे माहीत नसताना, गॅल्व्हानोमीटरच्या वाटेत एक मोठा रेझिस्टन्स सिरीजमध्ये ठेवा, नाहीतर काटा जाऊन आपटतो. बॅलन्स जवळ आला की तो काढून टाका आणि नेमका बिंदू शोधा. काढायला मात्र विसरू नका, तो ठेवूनच घेतलेलं रीडिंग ढोबळ असतं.

सेल उतरत चाललाय, रीडिंग चुकेल का?

बॅलन्सची जागा बदलणार नाही. फक्त काटा मंद होईल, म्हणजे शून्याच्या आजूबाजूला तीन-चार मिलिमीटरपर्यंत तो हललाच नाही असं वाटेल आणि नेमकं कुठे थांबायचं कळणार नाही. उलट बाजूने, जास्त व्होल्टेज लावलं की काटा तरतरीत होतो पण तार आणि रेझिस्टन्स तापतात. म्हणून की दाबून धरायची नाही, बघितलं की सोडायची.

रीडिंग हळूहळू सरकतंय, असं का?

बहुतेक वेळा उत्तर एकच, तापमान. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला साधारण ०.३९ टक्क्याने वाढतो. एक प्रयोग करून बघाच. तांब्याच्या बारीक तारेची कॉइल एक्सच्या जागी लावा, मधोमध बॅलन्स काढा, जॉकीची जागा लक्षात ठेवा आणि मग कॉइल एक मिनिट मुठीत धरा. परत त्याच जागी जॉकी टेकवली की काटा शून्यावर राहत नाही, एका बाजूला सरकतो. कॉइल चारच अंशांनी तापली तरी रेझिस्टन्स दीड टक्क्याने वाढतो आणि बॅलन्स तारेवर जवळपास चार मिलिमीटर पुढे जातो. मूठ सोडली की काटा सावकाश परत शून्याकडे येतो. हे ज्याने एकदा डोळ्याने बघितलं तो पुढे कधी रेझिस्टन्सच्या बाजूला तापमान लिहायला विसरत नाही.

माप-रेझिस्टन्स मँगॅनिनचे का असतात तेही यावरून कळेल. तांबं, मँगॅनीज आणि थोडं निकेल यांचा हा मिश्रधातू आहे, नेहमीच्या तापमानाला त्याचा रेझिस्टन्स जवळजवळ बदलतच नाही. शिवाय तांब्याशी जोडल्यावर तो थर्मो-व्होल्टेज, म्हणजे दोन धातूंच्या सांध्यांच्या तापमानातल्या फरकामुळे तयार होणारं व्होल्टेज, फार कमी देतो. कॉन्स्टंटनचा रेझिस्टन्सही स्थिर असतो, पण तांब्याच्या सांध्यावर तो दर अंशाला ४० मायक्रोव्होल्टच्या आसपास देतो, आणि बारीक मोजणीत तेवढंही पुरेसं त्रासदायक असतं.

हे थर्मो-व्होल्टेज आहे की नाही कसं ओळखायचं?

बॅटरीची की उघडी ठेवा आणि फक्त गॅल्व्हानोमीटरची दाबा. सर्किटमध्ये सेल नाही तरी काटा हलला, म्हणजे दोन वेगळ्या धातूंच्या सांध्यांचं तापमान वेगळं आहे. उपाय म्हणजे सेलची टोकं उलटी करून परत बॅलन्स काढायचा आणि सरासरी घ्यायची, सेल उलटला तरी थर्मो-व्होल्टेज उलटत नाही त्यामुळे सरासरीत ते निघून जातं.

पोस्ट ऑफिस बॉक्स कसा वापरायचा?

तोही ब्रिजच, सगळ्या भुजा एका पेटीत. दोन गुणोत्तर भुजा असतात, प्रत्येकीत १०, १०० आणि १००० ओहम, आणि तिसऱ्या भुजेत १ पासून ५००० पर्यंतचे रेझिस्टन्स, सगळे मिळून ११११० ओहम. आधी १० ला १० ठेवा. समजा ६ ला काटा एकीकडे आणि ७ ला दुसरीकडे गेला, तर एक्स ६ आणि ७ च्या मधे. आता १०० ला १० करा, तिसरी भुजा ६५ आणि ६६ च्या मधे आली तर एक्स ६.५ आणि ६.६ च्या मधे. मग १००० ला १०, तिथे ६५३ वर काटा थांबला तर एक्स ६.५३ ओहम. एकेक दशांश स्थळ असं उलगडत जातं.

प्लग मात्र दाबत पिळून बसवायचे. ढिल्या प्लगचा रेझिस्टन्स मोजणीत येतो आणि तो दर वेळी वेगळा असतो.

अगदी लहान किंवा अगदी मोठा रेझिस्टन्स यावर मोजता येतो का?

साधारण १ ओहमच्या खाली हा ब्रिज भरवशाचा राहत नाही. कारण एक्सला जोडणाऱ्या वायरी आणि स्क्रू एक्सच्याच भुजेत असतात, आणि एक्स ०.०१ ओहम असेल तर तुम्ही नक्की पट्टी मोजताय की स्क्रू मोजताय हेच सांगता येत नाही. त्यासाठी केल्विन डबल ब्रिज आहे, विल्यम थॉमसन यांचा, जे पुढे लॉर्ड केल्विन झाले. त्यात एक्सला चार टोकं असतात, दोन करंटसाठी आणि दोन व्होल्टेज बघण्यासाठी, आणि गुणोत्तर भुजांची आणखी एक जोडी लावून मधल्या जोडवायरीचा परिणाम घालवलेला असतो.

मेगाओहमच्या वर गेलं की अडचण वेगळी. तिथे करंटच इतका कमी की काट्याला दिसत नाही, आणि इन्सुलेशनवरची ओल आणि बोटांचे डाग यांच्यावरून गळणारा करंट एक्समधल्या करंटच्या बरोबरीला येतो.

आता सगळं डिजिटल झालंय, मग हे शिकून उपयोग काय?

डिजिटल वजनकाट्याच्या आत वजन ओळखणारा लोड सेल असतो आणि त्या लोड सेलच्या आत चार स्ट्रेन गेज (ताणले की ज्यांचा रेझिस्टन्स बदलतो असे) याच ब्रिजमध्ये जोडलेले असतात. ३५० ओहमचा गेज, गेज फॅक्टर २ (म्हणजे लांबी जितक्या टक्के वाढते त्याच्या दुप्पट टक्के रेझिस्टन्स वाढतो), आणि लांबी हजारात एका भागाने वाढली तर रेझिस्टन्स वाढतो फक्त ०.७ ओहम. ३५० मधले ०.७ थेट मोजायला जाल तर तापमानानेच गोंधळ होईल. ब्रिजमध्ये मात्र ते ३५० आधीच एकमेकांत वजा झालेले असतात आणि उरतो तो फक्त बदल. तिथे ब्रिज शून्यावर परत आणत नाहीत, शून्यापासून किती हलला ते व्होल्टेज मोजतात. शेजारच्या भुजेत ताण नसलेला दुसरा गेज ठेवला की दोघंही सारखेच तापतात आणि तापमानाचा परिणामही वजा होतो.

पीटी-१०० या प्लॅटिनमच्या तापमान सेन्सरला तीन वायरी का असतात हाही याच घरातला प्रश्न. तो दर अंशाला ०.३८५ ओहमने बदलतो, त्यामुळे दोनच वायरी असतील आणि त्यांचा मिळून १ ओहम असेल तर तापमान अडीच अंशांहून जास्त चुकतं. तिसऱ्या वायरीमुळे एक वायर सेन्सरच्या भुजेत आणि दुसरी शेजारच्या भुजेत टाकता येते, दोन्ही सारख्या असल्या की बॅलन्सवर परिणाम होत नाही.

जमिनीखालच्या केबलमधला दोष ब्रिजवर सापडतो म्हणतात, ते कसं?

मरे लूप टेस्ट. केबलची एक तार मधेच कुठेतरी जमिनीला टेकली आहे. पलीकडच्या टोकाला ती चांगल्या तारेशी जोडून टाकायची, म्हणजे आपल्याकडून निघून आपल्याकडेच परत येणारा एक लूप तयार होतो. या लूपची मीटर ब्रिजसारखी लांबलचक तार झाली, आणि जॉकी जिथे टेकली ती जागा म्हणजे दोष. सेलचं एक टोक जमिनीला लावायचं आणि आपल्याकडच्या दोन भुजांचं गुणोत्तर बदलत बॅलन्स आणायचा.

केबल ५०० मीटर, म्हणजे लूप १००० मीटरचा. बॅलन्स आला तेव्हा चांगल्या तारेकडची भुजा तीन पट आणि दोषी तारेकडची एक पट होती, तर दोष लूपच्या पाव भागावर, आपल्यापासून २५० मीटरवर. दोन्ही तारा एकाच जाडीच्या हव्यात, नाहीतर लांबीचा हिशोब बिघडतो. दोषाच्या जागी मातीचा रेझिस्टन्स किती आहे हे कोणालाच माहीत नसतं, पण तो सेलच्या वाटेत येतो, भुजेत नाही, त्यामुळे बॅलन्सची जागा तो बदलू शकत नाही. फार जास्त असला तर काटा मंद होतो एवढंच, तेव्हा सेलचं व्होल्टेज वाढवून बघा.